खताचा अधिकार आणि कुळाची जबानी : शिरूर-भीमथडीच्या संदर्भात पुराव्यातील विशेषाधिकारांची चिकित्सा

न्यायालयापुढे सत्य यावे म्हणून केलेल्या नियमांतच काही सत्य तेथे येऊ नये म्हणून केलेले नियमही असतात. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यातील कलमे १२२ ते १३१ ही या दुसऱ्या वर्गातील होत. पतिपत्नींनी विवाहसंबंध असताना एकमेकांस सांगितलेली गोष्ट, अशिलाने वकिलास विश्वासाने दिलेली माहिती, राज्यकारभाराच्या अप्रसिद्ध कागदांतील मजकूर, अधिकाऱ्यास त्याच्या पदावर विश्वासून कळविलेली बाब, गुन्ह्याची खबर पोलिसास कोणाकडून मिळाली हा प्रश्न, या सर्वांपुढे न्यायाधीशाने थांबावे असे हा कायदा सांगत होता. इंग्रजी परंपरेत यास जी संज्ञा आहे तिला ‘विशेषाधिकार’ हा मराठी पर्याय आता रूढ झाला आहे. पर्याय सोयीचा असला तरी निर्दोष नाही. विधिमंडळाच्या संदर्भात त्याच संज्ञेवरून मराठी वृत्तपत्रे ‘हक्कभंग’ हा शब्द चालवितात आणि तेथे हक्क कोणाचा हे वाचकास तत्काळ उमगते. पुराव्याच्या प्रांतात मात्र तो हक्क साक्षीदाराचा, की मूळ बोलणाऱ्याचा, की ज्याच्या हाती कागद आहे त्याचा, हे ‘विशेषाधिकार’ या भारदस्त शब्दाआड झाकले जाते. आणि विषयाचे मर्म तर नेमके तेथेच आहे.

विशेषाधिकारास मालक असतो, ही त्याची पहिली खूण. मालक असल्यामुळे तो सोडूनही देता येतो. कलम १२२ पाहावे. पतीने पत्नीस सांगितलेली गोष्ट तिच्या तोंडून वदविता येत नाही. इतकेच नव्हे, ती स्वतः सांगू इच्छित असली तरीही, ज्याने ती सांगितली त्याच्या अथवा त्याच्या प्रतिनिधीच्या संमतीवाचून तिला ती सांगू दिली जात नाही. (पतिपत्नींमधील दावा आणि एकाने दुसऱ्याविरुद्ध केलेला गुन्हा हे अपवाद होत.) म्हणजे मालकी ऐकणाऱ्याची नसून बोलणाऱ्याची. वकिलाच्या बाबतीतही तसेच. तोंड वकिलाचे, पण कुलूप अशिलाचे. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांनी याच प्रश्नाचे उत्तर निराळ्या रीतीने दिले आहे. तेथे १९७५ मध्ये पुराव्याचे संघीय नियम अमलात आले, तेव्हा विशेषाधिकारांची जी तपशीलवार यादी मसुद्यात होती ती काँग्रेसने गाळली आणि एकच नियम ठेवला : बुद्धी व अनुभव यांच्या प्रकाशात न्यायालयांनी हा भाग सामान्य न्यायाच्या रीतीने वाढवीत जावा. त्याच आधारावर १९८० च्या ट्रॅमेल खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने पतीविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क साक्ष देणाऱ्या पत्नीच्या हाती दिला व आरोपी पतीची आडकाठी दूर केली, आणि १९९६ मध्ये मानसोपचारतज्ज्ञापुढील कथनास नवे संरक्षण दिले. दिवाणी दाव्यात निर्णयाचा आधार घटकराज्याचा कायदा असेल तर विशेषाधिकारही त्या राज्याचाच लागू होतो. त्यामुळे एकच संभाषण एका दाव्यात गुप्त आणि दुसऱ्यात उघड ठरू शकते. भारतात ही गुंतागुंत नाही. शिरूरच्या दिवाणी न्यायालयापासून दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पुराव्याचा कायदा एकच आहे. त्या एकसूत्रीपणाचे कौतुक पाठ्यपुस्तकांतून पुष्कळ होते. त्याची किंमत कोणी दिली, हे पाहण्यासाठी मात्र पाठ्यपुस्तके सोडून घोडनदीच्या आणि भीमेच्या काठी यावे लागते.

आजच्या दौंड तालुक्याचा प्रदेश एकोणिसाव्या शतकात भीमथडी तालुक्यात मोडत असे. त्याच तालुक्यातील सुपे (आज बारामती तालुक्यात) या बाजारगावी १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, भोवतालच्या खेड्यांतील कुळे जमली आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेली. त्यांनी मागितले ते कर्जरोखे आणि वह्या, आणि जाळले तेही मुख्यतः तेच. तत्पूर्वी डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील कर्डे या गावी एका सावकाराने देशमुख घराण्यातील इसमाविरुद्ध हुकूमनामा बजावून त्याच्या घरावर हात टाकला, तेव्हा गावाने सावकारावर बहिष्कार घातला होता. पुढे ही चळवळ नगर जिल्ह्यात पसरली. ती खरोखरच मोठी होती काय, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये या बंडास जवळजवळ दंतकथाच ठरविले. दंग्याचा आकार हा येथील विषय नव्हे. जमावाने निवडलेली वस्तू येथे महत्त्वाची आहे. माणसांवरील अत्याचार त्या मानाने थोडे झाले. जेथे सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिले तेथे प्रकरण बहुधा तेवढ्यावरच मिटले. १८७५ च्या कुळास पुराव्याचा कायदा ठाऊक नव्हता, परंतु त्याचे केंद्र कोठे आहे हे त्याने अचूक ओळखले होते.

ते केंद्र कलम १२२ ते १३१ मध्ये नव्हते. ते कलम ९१ व ९२ मध्ये होते. करार लेखी झाला की त्याच्या अटींचा पुरावा म्हणजे तो लेखच. आणि त्या लेखास विरोध करणारा, त्यात भर घालणारा अथवा त्यातून वजा करणारा तोंडी कराराचा पुरावा पक्षकारांमध्ये घेता येत नाही, असा या कलमांचा आशय. शास्त्रीय वर्गीकरणात यास विशेषाधिकार म्हणत नाहीत. हा पुरावा वगळण्याचा नियम. त्यास मालक नाही, तो उभयपक्षी सारखाच लागू. वर्गीकरण म्हणून हे बिनचूक आहे. परंतु ज्या व्यवहारात लेख नेहमी एकाच बाजूने लिहिला जातो, एकाच बाजूच्या पेटीत राहतो आणि दुसरी बाजू त्याखाली केवळ नांगराची निशाणी करते, तेथे उभयपक्षी सारखा नियम एका पक्षाच्या मालकीचा होतो. सावकाराकडे तोंडी पुराव्याने सिद्ध करावे असे काही नव्हतेच. कुळाकडे त्यावाचून दुसरे काही नव्हते. न्यायालयाचा कान बंद करण्याचे सामर्थ्य आणि मनात येईल तेव्हा तो उघडण्याची मुभा, ही विशेषाधिकाराची दोन्ही लक्षणे अशा स्थितीत खतधारकाच्या ठायी एकवटतात. कायद्याने नाव न दिलेला हा विशेषाधिकार होय. नाव नसल्यामुळेच त्याला नावाजलेल्या विशेषाधिकारांप्रमाणे अपवादांच्या आणि मर्यादांच्या चौकटीत बसविण्याची गरज त्याच्या कर्त्यांस भासली नाही.

कर्ते म्हणजे मुख्यतः जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. त्यांच्या मसुद्याची सफाई वादातीत आहे. इंग्लंडच्या विखुरलेल्या निवाड्यांतून त्यांनी एक आटोपशीर संहिता सिद्ध केली. परंतु संहितेचा खरा स्वभाव तिच्या दृष्टांतांत दिसतो. कलम ९२ खालील दृष्टांत वाचणाऱ्यास काय आढळते? कलकत्त्याहून लंडनला जाणाऱ्या जहाजातील मालाचा विमा, नकाशासह विकलेला चहाचा मळा, पाचशे रुपयांस घेतलेला घोडा, भाड्याने घेतलेल्या खोल्या. एका दृष्टांतात ‘अ’ हा ‘ब’ यास १ मार्च १८७३ रोजी हजार रुपये देण्याचे लेखी कबूल करतो. ३१ मार्चपर्यंत थांबण्याचे तोंडी ठरले होते हे त्यास पुढे सिद्ध करता येत नाही. दृष्टांतातील हे ‘अ’ आणि ‘ब’ दोघेही साक्षर आहेत. दोघेही कागद वाचून सही करतात, दोघांपाशीही बहुधा प्रत असते. तीस दिवसांची ही मुदत लेखात का घातली नाही, असा प्रश्न अशा ‘अ’ ला विचारणे वाजवी आहे. तोच प्रश्न कर्ड्याच्या अथवा सुप्याच्या कुळास विचारणे ही थट्टा होते. साऱ्या हिंदुस्थानासाठी लिहिलेल्या या दृष्टांतमालेत निशाणी करणारा माणूस एकदाही येत नाही, ही उणीव साहित्यसमीक्षकाच्या नजरेस सहज पडेल. कायद्याच्या भाष्यकारांनी तिच्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही.

यावर एक आक्षेप संभवतो व तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. कलम ९२ च्या पहिल्याच परंतुकात कपट, धाकदपटशा, मोबदल्याचा अभाव, चूक इत्यादी गोष्टी तोंडी पुराव्याने सिद्ध करण्याची मोकळीक होती. कलम ३४ प्रमाणे सावकाराच्या वहीतील नुसत्या नोंदीवरून कोणावर बोजा बसविता येत नसे. मग कुळाची वाट बंद कोठे होती? उत्तर कायद्याच्या शब्दांत न शोधता व्यवहारात शोधले पाहिजे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्यावरील दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. ती कुळाच्या हितासाठी होती. परिणाम उलट झाला. दर तीन वर्षांनी मुद्दल आणि थकलेले व्याज एकत्र करून त्या बेरजेचे नवे खत लिहून घेण्याची चाल पडली. नव्या खतात पूर्वीच्या हिशोबाची बाकी हाच मोबदला, आणि तो कुळाने निशाणी करून मान्य केलेला. मध्यंतरी दिलेले धान्य, केलेली वेठ, फेडलेली रक्कम यांची पावती नाही. वहीत जमा धरली की नाही हे वही ज्याची त्यासच ठाऊक. मोबदला मिळाला नाही असे म्हणण्याचा हक्क परंतुकाने दिला खरा, पण सिद्ध करण्याचा भार कुळावर, आणि साधन सावकाराच्या पेटीत. शिवाय बहुसंख्य दावे एकतर्फी निघत. ज्या न्यायालयात कुळ हजरच नाही तेथे परंतुक कोणी वाचावे?

मूळ कागद जाळल्याने कर्ज बुडत नाही, हे येथे आठवावे. मूळ लेख नष्ट झाल्यास त्याच्या मजकुराचा दुय्यम पुरावा देता येतो, असे कलम ६५ सांगत होते. त्या दृष्टीने सुप्याची होळी कायद्याने निष्फळ. परंतु लहानसहान रोख्यांची नोंदणी सक्तीची नव्हती, नक्कल दुसरीकडे नव्हती. खत जळाल्यावर सावकारासही आपले म्हणणे साक्षीदारांच्या तोंडानेच मांडावे लागणार. तो कुळाच्याच पायरीवर उतरणार. जमावाने कर्ज जाळले असे म्हणण्यापेक्षा त्याने कलम ९२ चा लाभ जाळला असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

दंग्याच्या चौकशीसाठी सरकारने आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवण्यात आला, आणि पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी १८७९ चा दख्खन कृषक साहाय्य कायदा झाला. या कायद्याची चर्चा बहुधा अर्थशास्त्राच्या अंगाने होते : व्याजाची मर्यादा, कर्जापायी होणाऱ्या कैदेची बंदी, हप्तेबंदी. पुराव्याच्या अंगाने तो त्याहून अधिक धीट आहे. कलम १२ ने न्यायाधीशास आज्ञा केली की, त्याने शेवटच्या खतावर न थांबता व्यवहाराच्या आरंभापासूनचा इतिहास तपासावा. आणि प्रतिवादीने दावा कबूल केला तरीही, ती कबुली खरी व समजून-उमजून दिलेली आहे अशी खात्री लेखी नमूद केल्याशिवाय, ही चौकशी टाळू नये. कलम १३ ने मुद्दल व व्याज यांचे हिशोब वेगळे ठेवण्यास आणि व्याजावर व्याज न धरण्यास सांगितले. गावोगावी नेमावयाच्या ग्रामनिबंधकासमोर न लिहिलेला कृषकाचा रोखा पुराव्यात घेता येणार नाही, असे कलम ५६ म्हणते. पावती, वार्षिक हिशोब आणि पासबुक मागण्याचा हक्क कुळास मिळाला.

यातील कबुलीविषयीची तरतूद विशेष अभ्यसनीय आहे. विशेषाधिकार मालकास सोडता येतो, हे वर आलेच. १८७९ चा कायदा कुळाला संरक्षण देतो, पण ते सोडून देण्याची मोकळीक देत नाही. कारण त्याची कबुली ही त्याची स्वतःची नसण्याचाच संभव अधिक, असे कायदा गृहीत धरतो. येथे दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. सावकाराचा निनावी विशेषाधिकार हिरावला जातो, आणि कुळाच्या शब्दास मोल देणारा कायदाच त्याच्या ‘होय’ या शब्दावर अविश्वास दाखवितो. या विसंगतीचे समर्थन करता येते. अंगठा आणि कबुली यांच्या मागे एकच दडपण असेल तर एकास नाकारून दुसरी स्वीकारणे निरर्थक होय. तरी ही पालकत्वाची भूमिका आहे, हे लपवू नये. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली दीर्घकाळ काम केले व पुढे ते त्याचे खास न्यायाधीश झाले. कनिष्ठ न्यायालयांचे दप्तर तपासून कायदा राबविण्याचे हे काम होते आणि त्यावाचून कलम १२ हे कागदावरच राहिले असते.

सावकारीने वाट बदलली. कर्जरोखा तपासला जातो म्हणून गहाणाऐवजी खरेदीखत लिहून घेण्याची रीत बळावली; पैसे परत केल्यास जमीन परत देण्याचा करार तोंडी. मुदत खरेदी म्हणून जी ओळखली जाते तीत निदान शर्त कोठेतरी लिहिलेली असते, येथे तीही नाही. अशा खताचे खरे स्वरूप गहाणाचे आहे हे कुळाने कसे दाखवावे? मुंबई उच्च न्यायालयाने १८८० मध्ये बक्सू लक्ष्मण विरुद्ध गोविंदा कानजी या निवाड्यात एक मध्यम मार्ग काढला : तोंडी कराराचा पुरावा नुसता घेता येत नसला तरी, पक्षकारांच्या नंतरच्या वर्तनावरून खरेदी ही वस्तुतः गहाण होती असे दाखविता येईल, कायदा कपटाचे हत्यार होऊ नये. १८९९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने बाळकिशन दास विरुद्ध लेगे या निवाड्यात ही वाट मोडली. दस्तऐवजाचा अर्थ दस्तऐवजातूनच काढावा, इंग्लंडच्या समन्यायी न्यायालयांची मोकळीक हिंदुस्थानात चालणार नाही. तर्कदृष्ट्या हा निवाडा कलम ९२ शी अधिक प्रामाणिक आहे, हे कबूल केले पाहिजे. मुंबईच्या न्यायमूर्तींनी कायद्याचे शब्द थोडे वाकविले होते. पण त्यांनी ते ज्या माणसासाठी वाकविले तो त्यांना दिसत होता. लंडनमध्ये तो दिसण्याचा संभव नव्हता. शेवटी दुरुस्ती करणे कायदेमंडळालाच भाग पडले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी दख्खनच्या कायद्यात कलम १०-अ आले : पक्षकार कृषक असेल तर, कलम ९२ मध्ये काहीही असले तरी, न्यायालयाने व्यवहाराचे खरे स्वरूप शोधावे व त्यासाठी तोंडी पुरावा घ्यावा.

या उपायाने नवा वाद जन्मास घातला. व्यवहाराच्या वेळी हा इसम ‘कृषक’ होता काय? उत्पन्न शेतीचे किती, मजुरीचे किती, तो स्वतः राबतो की नाही, यांवर निवाड्यांचे ढीग पडले. सत्य काय घडले हा प्रश्न मागे पडून, सत्य सांगण्याचा अधिकार या माणसास आहे काय हा प्रश्न पुढे आला. ऐकून घेतले जाणे हा आता कुळाचा विशेषाधिकार झाला होता, आणि प्रत्येक विशेषाधिकाराप्रमाणे त्याच्या दारातही पात्रतेची झडती होतीच. दौंडास लोहमार्ग आला, भोवतालच्या माणसांचे उपजीविकेचे साधन मिश्र झाले, तेव्हा ही झडती अधिकच कृत्रिम भासू लागली असली पाहिजे. पुढे कृषि-ऋणमुक्तीच्या स्वतंत्र कायद्यांनी १८७९ च्या कायद्याची जागा घेतली. सर्वसाधारण कायद्यापुरते म्हणावयाचे तर १९२९ च्या दुरुस्तीने मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आणखी कडक नियम घातला : परतीची शर्त त्याच दस्तऐवजात नसेल तर व्यवहार गहाण मानला जाणार नाही. कुळाच्या बाजूने थोडी फट राहिली ती सर्वोच्च न्यायालयाच्या १९८१ च्या गंगाबाई विरुद्ध छबूबाई या निवाड्यात. दस्तऐवज मुळात अमलात आणण्यासाठी केलाच नव्हता, तो केवळ देखावा होता, असे दाखविण्यास तोंडी पुरावा चालेल, असे तेथे ठरले. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानेही सावकारीच्या ओघात बळकावलेल्या जमिनीची चौकशी करून ती परत देवविण्याचा अधिकार सहकार खात्याच्या निबंधकास दिला आहे. म्हणजे खताच्या पाठीमागे पाहण्याचे काम न्यायाधीशाकडून बरेचसे प्रशासनाकडे गेले.

नाव असलेल्या विशेषाधिकारांकडे वळल्यास आणखी एक तुलना सुचते. कलम १३० अन्वये, दाव्यात पक्षकार नसलेल्या साक्षीदारास आपले मालकीखत अथवा गहाणदार म्हणून ज्याच्या आधारे तो मालमत्ता धारण करतो तो कागद हजर करण्यास भाग पाडता येत नसे. एकाच कुळाचे दोन सावकार असले तर एकाच्या दाव्यात दुसऱ्याचे गहाणखत न्यायालयापुढे येईलच असे नाही. ही झाली खाजगी पेटी. सरकारी पेटीचे कुलूप कलम १२३ चे. १९६१ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध सोधी सुखदेव सिंग या खटल्यात, बहुमताच्या वतीने लिहिताना न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी असे ठरविले की, कागद राज्यकारभाराचा आहे काय हे न्यायालय आजूबाजूच्या पुराव्यावरून तपासू शकेल, परंतु कागद उघडून पाहू शकणार नाही. तो उघड केल्याने लोकहितास बाध येतो की नाही, हे ठरविणे खात्याच्या प्रमुखाचे काम. याच मुंबई इलाख्यात ब्याऐंशी वर्षांपूर्वी न्यायाधीशास, कोणी न मागताही, सावकाराची वही आरंभापासून उलगडण्याची आज्ञा झाली होती. सावकाराच्या वहीस जे कवच नाकारले गेले ते शासनाच्या दप्तरास सहज मिळाले, आणि दोन्ही ठिकाणी कागद ज्याच्याविरुद्ध वापरला जातो अथवा ज्याच्यापासून लपविला जातो तो पक्ष दुबळाच होता. १९७५ च्या राज नारायण खटल्याने व १९८१ च्या एस. पी. गुप्ता खटल्याने न्यायालयास असे कागद स्वतः पाहण्याची वाट मोकळी केली.

१ जुलै २०२४ पासून १८७२ च्या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली आहे. विशेषाधिकारांची कलमे तेथे १२८ ते १३६ या क्रमांकांखाली थोड्याफार फेरजुळणीने आली. राष्ट्रपती आणि मंत्री यांच्यातील विशेषाधिकारप्राप्त पत्रव्यवहार न्यायालयापुढे हजर करण्यास कोणतेही न्यायालय सांगणार नाही, असा परंतुक कलम १६५ मध्ये नव्याने पडला. जुनी ९१ व ९२ ही कलमे आता ९४ व ९५ झाली आहेत, आणि त्यांच्यासोबत जहाज, चहाचा मळा, घोडा व १ मार्चची मुदत हे दृष्टांतही चालत आले आहेत. निशाणी करणारा माणूस त्यांत अजून आलेला नाही.